बैलाची चालते, मग कुत्रीची का नको? कुत्र्या-मांजरांची नसबंदी पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

आमच्या चिंगी कुत्रीचं नसबंदीचं ऑपरेशन करून आणल्यावर शेजारच्या आजी दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आमच्या पायरीवर येऊन टेकल्या आणि चिंगीच्या पोटाकडं बघत म्हणाल्या, "एकदा तरी व्याली असती गं. मुक्या जिवाचं पाप घेतलंस." आजींचं माहेर आटपाडीकडचं, दावणीला कायम खिलार. मी विचारलं, "आजी, तुमच्याकडचे बैल जन्मापासनं बैलच होते का?" आजींनी पदर तोंडाला लावला. "त्ये येगळं."

वेगळं कसलं! खोंडाचा बैल होतो तो खच्ची केल्यावरच. पूर्वी गावात ठेचायचे, तेही भूल न देता. नंतर दवाखान्यात बर्डिझोचा चिमटा आला. त्याच बैलानं औत ओढलं, उसाची गाडी ओढली, आणि बेंदराला आपण त्याचीच शिंगं रंगवून त्याला पुरणपोळी चारली. पिढ्यानपिढ्या हे करत आलेल्या सांगली-साताऱ्याला कुत्र्या-मांजराची नसबंदी म्हटलं की मात्र पाप आठवतं. बैल खच्ची करायचा तो आपल्या सोयीसाठी. कुत्रीचं ऑपरेशन पूर्ण भूल देऊन होतं आणि त्यातला निम्म्याहून जास्त फायदा तिचा स्वतःचा असतो.

घरात पहिलंच कुत्रं किंवा मांजर आलेल्यांसाठी हे लिहितेय. ऑपरेशन स्वतः फार तर तासाभराचं. जे बिघडतं ते बहुतेकदा त्याच्या आधी नाहीतर नंतर, आणि ते दोन्ही घरच्यांच्या हातात असतं.

आधी शब्द

'नसबंदी' हा शब्द माणसांच्या कुटुंबनियोजनातून आला, त्यामुळं घोटाळा होतो. माणसांत नस किंवा नळी बंद करतात, ग्रंथी जागच्या जागी राहतात. कुत्र्या-मांजरांत तसं नसतं. मादीचे दोन्ही बीजांडकोश आणि बहुधा गर्भाशयही काढतात, नराचे वृषण काढतात. सरकारी कागदावर याला 'निर्बीजीकरण' म्हणतात. दवाखान्यात मादीसाठी 'स्पे' आणि नरासाठी 'कॅस्ट्रेशन' हे शब्द ऐकू येतील. ग्रंथीच निघाल्यामुळं हार्मोन थांबतात, माज थांबतो. पुढं जे फायदे-तोटे सांगणार आहे, त्यातले बरेचसे या एकाच गोष्टीतून येतात.

मादीला काय मिळतं

सगळ्यात मोठं म्हणजे पायोमेट्रा टळतो. पायोमेट्रा म्हणजे गर्भाशयात पू होणं. माज संपून महिना-दोन महिने झाले की, विशेषतः वय झालेल्या माद्यांत, हा त्रास उद्भवतो. कुत्री पाणी भसाभसा पिते, खाणं टाकते, उलट्या करते, मलूल पडून राहते. कधी मागून घाण वासाचा स्राव येतो. गर्भाशयाचं तोंड मिटलेलं असेल तर तोही येत नाही, पू आतच साठतो, पोट सुटतं आणि घरच्यांना वाटतं गाभण आहे. माझ्या मावशीच्या लॅब्रेडोरचं असंच झालं. आठ वर्षांची कुत्री, "म्हातारपणी पोट सुटलंय" म्हणत चार दिवस गेले आणि पाचव्या रात्री मिरजेत डॉक्टर शोधत फिरावं लागलं. ती वाचली. पण जे ऑपरेशन तरुणपणी धडधाकट अंगावर सकाळी दहाला होऊ शकलं असतं, तेच मध्यरात्री, ताप अंगात असताना, सलाईन लावून करावं लागलं. स्वीडनमध्ये कुत्र्यांचा विमा सर्रास उतरवतात, त्या नोंदींवरून झालेल्या अभ्यासांत नसबंदी न झालेल्या माद्यांपैकी दर चार-पाचांत एकीला दहा वर्षांची होईपर्यंत पायोमेट्रा झालेला आढळला.

दुसरा फायदा स्तनांच्या गाठींचा. इथं थोडं सावध राहून बोलायला हवं. १९६९ सालच्या एका अमेरिकी अभ्यासातले आकडे अजून सगळीकडं फिरतात: ऑपरेशन न झालेल्या मादीचा गाठींचा धोका १०० धरला, तर पहिल्या माजाआधी ऑपरेशन केलेलीचा ०.५, एका माजानंतर ८, दोन किंवा जास्त माजांनंतर २६. पुढं २०१२ साली अशा सगळ्या अभ्यासांची एकत्र छाननी झाली, तेव्हा हा पुरावा वाटतो तितका पक्का नाही असं निघालं. म्हणून "पहिल्या माजाआधी नाही केलं तर संपलं" असं घाबरून घाई करू नका. मांजरीच्या बाबतीत मात्र लवकर केलेलं बरंच, कारण मांजरीच्या स्तनातल्या गाठी बहुतेक कॅन्सरच्याच निघतात.

आपल्याकडचा आणखी एक रोग म्हणजे टीव्हीटी. संभोगातून एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडं जाणारी ही गाठ गावातल्या, गल्लीतल्या कुत्र्यांत भरपूर दिसते. मागून थेंबथेंब रक्त आणि फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा दिसणारा मांसाचा गोळा. इंजेक्शनांनी बरी होते, पण दर आठवड्याला दवाखाना गाठावा लागतो. तुमचं कुत्रं भाद्रपदात दार उघडं मिळालं की पळत असेल, तर या गाठीची शक्यता धरून चालायची.

आणि नराला

वृषणाचा कॅन्सर होत नाही, कारण वृषणच राहत नाहीत. म्हातारपणी प्रोस्टेट फुगून लघवी-शौचाला त्रास होतो तो टळतो. (प्रोस्टेटचा कॅन्सर मात्र यानं टळत नाही, तसं कुणी सांगितलं तर मानू नका.) भटकणं, दिसेल त्या चाकावर पाय वर करणं, माजावरच्या कुत्रीसाठी मारामाऱ्या करून कान फाडून येणं, हे पुष्कळ कमी होतं. कराड, पाटण, शिराळा पट्ट्यात राहणाऱ्यांना याचं आणखी एक कारण सांगायला नको. उसातल्या बिबट्याला कुत्रं हे सोपं भक्ष्य आहे. रात्री कुत्रीच्या वासानं रानात गेलेला नर सकाळी परत येईलच असं नाही.

भीतीपोटी चावणारं कुत्रं मात्र ऑपरेशननं सुधारत नाही. ती भीती तशीच राहते, कधी वाढतेही. त्यावरचा उपाय वेगळा.

घरच्यांचे प्रश्न

ऑपरेशनपेक्षा हा भाग अवघड असतो, म्हणून यावर जरा रेंगाळते.

*"एकदा व्याली पाहिजे, नाहीतर रोग होतात."* रोग टाळतं ते ऑपरेशन. व्याल्यानं पायोमेट्रापासून संरक्षण मिळतं म्हणून एक वेत काढावं, हा सल्ला कोणताही जाणता डॉक्टर देत नाही. कुत्रीला आई होण्याची हौस असते ही आपली कल्पना. तिला माज येतो आणि त्या माजाच्या मागं ती जाते, एवढंच.

*"पिल्लं कुणीतरी नेईल की."* नर नेतात. आपल्या भागात पिल्लू मागायला येणारा पहिल्यांदा शेपूट वर करून बघतो. माद्या उरतात. त्या मग खोक्यात घालून मंडईत, नाहीतर साखर कारखान्याच्या गेटाबाहेर सोडल्या जातात. समाजमाध्यमांवर "एका कुत्रीपासून सहा वर्षांत ६७ हजार कुत्री" असा हिशेब फिरतो, तो विसरा. तसं असतं तर सांगलीत चालायला जागा उरली नसती. खरं चित्र जास्त वाईट आहे. पश्चिम बंगालमधल्या रस्त्यावरच्या ३६४ पिल्लांवर लक्ष ठेवून केलेला एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला, त्यात सात महिन्यांपर्यंत १९ टक्केच पिल्लं जगली. म्हणजे पाचांपैकी एक.

*"राखण करायचं सोडून देतं."* राखण हार्मोनवर चालत नाही, सवयीवर आणि घराच्या ओढीवर चालते. चिंगी आजही गॅसच्या टाकीवाल्याला आत येऊ देत नाही. शिवाय माद्या राखणीला कमी नसतात आणि भाद्रपदात गल्लीभर कुत्री जमा होण्याची कटकट संपली की मादी पाळणं सोपं होतं. ऑपरेशनचा मला सर्वात मोठा वाटणारा फायदा हाच: मादी पिल्लू ठेवून घेता येतं.

*"अंगातली ताकद जाते."* बैलाकडं बघा.

*"लठ्ठ होतं."* यात तथ्य आहे. ऑपरेशननंतर अंगाची खाण्याची गरज साधारण २० ते ३० टक्क्यांनी कमी होते आणि भूक मात्र वाढू शकते. भाकरी तेवढीच घातली तर कुत्रं सुटणारच. ऑपरेशनला दोष देण्याआधी ताटलीकडं बघावं.

*"त्यापेक्षा इंजेक्शन देऊ, नाहीतर गोळी."* हे मात्र खरंच करू नका. माज थांबवण्याच्या हार्मोनच्या इंजेक्शनांनी पायोमेट्रा आणि स्तनाच्या गाठी दोन्हींचा धोका वाढतो. औषधाच्या दुकानातून माणसांच्या गर्भनिरोधक गोळ्या आणून दुधात घालणारे लोक मी पाहिलेत. चार पैसे वाचतात आणि दोन वर्षांनी पोट उघडायची वेळ येते.

*"नसबंदी झालेलं कुत्रं पिसाळत नाही."* पिसाळतं. रेबीजची लस वेगळी, ती दरवर्षी घ्यायचीच.

तोटे लपवण्यात अर्थ नाही. काही माद्यांना, विशेषतः मोठ्या जातींत, पुढं झोपेत लघवी गळण्याचा त्रास होतो. त्यावर औषध आहे. आणि लॅब्रेडोर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर यांसारख्या जड जातींत फार लवकर ऑपरेशन केलं तर सांध्यांचे विकार वाढलेले अमेरिकेतल्या अभ्यासांत दिसलेत. हाडांची वाढ थांबवायला तेच हार्मोन लागतात. म्हणून पहिला प्रश्न वयाचा.

पायरी १: वेळ ठरवा

मांजर, नर असो की मादी, चार ते सहा महिन्यांत. मांजरी चार महिन्यांपासून माजावर येऊ शकतात आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकतात, त्यामुळं "बघू नंतर" म्हणणाऱ्यांच्या घरी वर्षात दोन-तीन वेतं होतात. गावठी आणि छोट्या जातींच्या कुत्र्यांसाठी सहा महिन्यांच्या आसपास. जड जातींसाठी वर्ष, काहींत दीड वर्ष थांबावं, पण तोवर साखळी आणि दार सांभाळण्याची जबाबदारी तुमची.

कुत्री माजावर असताना ऑपरेशन टाळतात, कारण तेव्हा गर्भाशयाला रक्तपुरवठा वाढलेला असतो. माज साधारण तीन आठवडे चालतो. तो संपून दोन-तीन महिने जाऊ द्यावेत. गाभण नसताना आचळांना दूध आलं असेल, म्हणजे खोटं गाभणपण असेल, तर ते आटू द्यावं. व्यालेली असेल तर पिल्लं सुटेपर्यंत, म्हणजे आठेक आठवडे थांबावं. आधीच गाभण असेल तर डॉक्टरांना लगेच दाखवा. कुत्रीचे दिवस साधारण ६३ असतात, सुरुवातीचे आणि शेवटचे दिवस यांत फार फरक पडतो.

दिवस निवडताना पंचांगापेक्षा हवामान बघा. डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम. एप्रिल-मेच्या सांगलीत भुलीतून उठणारं जनावर धापा टाकतं. पावसाळ्यात टाके ओले होतात. आणि कृष्णाकाठच्या सखल भागात राहत असाल तर जुलै-ऑगस्ट नकोच. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडं सरकायला लागलं की माणसांचीच आवराआवर सुरू होते, त्यात पोटाला टाके असलेली कुत्री घेऊन कुठं जाणार? दिवाळीच्या फटाक्यांचा आठवडाही वगळा.

पायरी २: डॉक्टर

पोट उघडायचं काम नोंदणीकृत पशुवैद्यकाचंच. म्हणजे बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. पदवी आणि महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेची नोंदणी. देशात यासाठी १९८४ चा कायदाच आहे. गावातल्या छोट्या सरकारी दवाखान्यात बऱ्याचदा असतात ते पशुधन पर्यवेक्षक. त्यांचा गाई-म्हशींचा अनुभव दांडगा असतो, मी त्यांच्याविरुद्ध नाही, पण हे काम त्यांचं नाही. सरकारीत करायचं तर जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात आधी फोन करून कुत्र्या-मांजरांची ऑपरेशनं कोणत्या दिवशी होतात ते विचारा. साताऱ्याकडच्यांना आणखी एक जागा आहे: शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय. पुण्याकडं जाताना नीरा ओलांडायच्या आधी. शिकवणारे शल्यचिकित्सक तिथं असतात.

डॉक्टरांना विचारायला लाजू नका. भूल इंजेक्शनची की गॅसची? घशात नळी घालता का? ऑपरेशन चालू असताना भुलीवर लक्ष ठेवायला दुसरं माणूस असतं का? दुखणं थांबवायचं औषध किती दिवस देणार? रात्री काही झालं तर फोन कोणाला? खर्च जनावराच्या वजनावर, भुलीच्या प्रकारावर आणि तपासण्यांवर ठरतो, म्हणून "किती पडतील?" असं मोघम न विचारता त्यात रक्ततपासणी, औषधं आणि टाके काढणं धरलंय का ते विचारा. या प्रश्नांवर चिडणारा डॉक्टर बदलायला हरकत नाही.

आणि जात सांगा. जत, आटपाडी, माण, खटाव भागात कारवानी पाळणारे पुष्कळ. कारवानी, मुधोळ ही सडपातळ, अंगात चरबी नसलेली शिकारी कुत्री. अशा कुत्र्यांना काही जुनी भुलीची औषधं उतरायला फार वेळ लागतो. पग आणि पर्शियन मांजरासारख्या चपट्या नाकाच्यांना श्वासाचा धोका असतो. डॉक्टरांना दिसतंच, तरी तोंडानं सांगावं. नराचा एकच वृषण खाली उतरला असेल तर तेही. दुसरा पोटात असतो, तो शोधून काढावा लागतो, कारण आत राहिलेल्या वृषणात गाठ होण्याची शक्यता जास्त.

पायरी ३: आधीचा आठवडा

लस आणि जंताचं औषध झालेलं असावं. रक्ततपासणी करून घ्या, आणि इथं पैसे वाचवू नका. आपल्याकडं गोचीड ताप फार. वरून ठणठणीत दिसणाऱ्या कुत्र्याच्या रक्तातल्या प्लेटलेट त्यानं उतरलेल्या असतात आणि टेबलावर रक्त थांबत नाही. गोचिडी दिसल्या असतील, मध्यंतरी ताप येऊन गेला असेल, तर आवर्जून सांगा.

दवाखान्यात न्यायची सोयही आधीच करा. मांजर पिशवीत घालून ॲक्टिव्हावर नेणाऱ्यांची मांजरं सांगलीच्या पुष्पराज चौकात सुटलेली ऐकलीत. बास्केट नसेल तर द्राक्षाच्या दोन प्लॅस्टिक क्रेट घ्या, एक सुलटी, एक तिच्यावर उलटी, चारही बाजूंनी सुतळीनं बांधा, आत जुनं फडकं. तासगाव तालुक्यात कुणालाही विचारा, क्रेट मिळते.

पायरी ४: उपाशी ठेवणं

मोठ्या कुत्र्याला आदल्या रात्री आठ-नऊनंतर काही घालायचं नाही. पाणी किती वाजेपर्यंत ते डॉक्टर सांगतील, सहसा सकाळपर्यंत चालतं. पोटात अन्न असलं तर भुलीत उलटी होऊन ती फुप्फुसात जाऊ शकते. लहान पिल्लांना मात्र रात्रभर उपाशी ठेवू नका. त्यांची साखर उतरते, त्यांना तीन-चार तास पुरतात.

सोपं वाटतं ना? आमची पहिली तारीख यातच गेली. मी रात्री ताटली उचलून ठेवली, पाण्याचं भांडं उचललं, सगळं केलं. सकाळी सहाला सासऱ्यांनी रोजच्या सवयीनं चहाबरोबर मूठभर भडंग काढलं, त्यातलं अर्धं चिंगीला. डॉक्टरांनी विचारलं, "सकाळपासून काही खाल्लं?" मी "नाही" म्हणाले आणि मागून मामंजी म्हणाले, "भडंग तेवढं." घरी परत. (भडंगात लसूण असतो आणि लसूण कुत्र्याला एरवीही चांगला नाही, हा वेगळा धडा.) दुसऱ्या वेळी चिठ्ठी फ्रीजवर न लावता भडंगाच्या डब्यावर लावली.

पायरी ५: परत आणल्यावरची पहिली रात्र

नवखे इथं घाबरतात. चिंगी घरी आली तेव्हा भिंतीकडं तोंड करून, मान खाली घालून उभी होती आणि बारीक कण्हत होती. हाक मारली तर ओळखही दाखवेना. ही भुलीची गुंगी, रात्रीत उतरते. तिला जमिनीवर, दुहेरी वाकळ टाकून, अंधूक उजेडात ठेवा. पलंगावर, दिवाणावर नको, झोकांडी जाऊन पडते. भुलीनं अंग गार पडतं, तेव्हा वरून चादर घाला. गरम पाण्याची पिशवी दिलीच तर फडक्यात गुंडाळून, कारण पोळलं तरी तिला उठून बाजूला होता येत नाही. मांजर डोळे उघडे ठेवून पडलेलं दिसेल, त्यालाही भ्यायचं कारण नाही.

तोंडात चमच्यानं पाणी ओतू नका. स्वतः उभी राहिली, मान धरली, की थोडं पाणी पुढं ठेवा. ते पोटात टिकलं तर दोन घास मऊ भात. पोटभर जेवण दुसऱ्या दिवशी.

पायरी ६: दहा दिवस

गळ्यात कोन. प्लॅस्टिकचं ते फनेल दाराला आपटतं, तुमच्या पोटऱ्यांना लागतं, जनावर केविलवाणं दिसतं आणि दुसऱ्याच दिवशी घरातलं कुणीतरी दया येऊन काढतं. नका काढू. दोन मिनिटं चाटलं तरी टाका उसवतो. जेवताना ताटली उलट्या डब्यावर ठेवून उंच केली की कोनासकट खाता येतं. अगदीच नाही राहिली तर घरातल्या लहान मुलाचा जुना टी-शर्ट शेपटीला भोक पाडून घालतात, मांजराला बाळाचं झबलं बसतं. डॉक्टरांना विचारून करा.

आता हळद. हळदीच्या सांगलीत हे सांगणं जिवावर येतं, पण टाक्यांवर हळद लावू नका. स्वयंपाकघरातली पूड निर्जंतुक नसते, कण टाक्यांत अडकतात, खालची लाली दिसत नाही आणि कुत्री ते चाटायला जाते. तेल नको, राख नको, डॉक्टरांनी दिलं तेवढंच. माणसांच्या गोळ्याही नकोत. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक कुत्र्यांचं पोट आणि किडनी बिघडवतात. आणि भेटायला येणाऱ्यांना सांगून ठेवा की "शक्तीला" म्हणून बेदाणे चारायचे नाहीत. तासगावचे असले तरी. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या किडनीला घातक असतात.

आंघोळ बंद. बाहेर न्यायचं ते साखळीला धरून, लघवी-शौचापुरतं. जिने, उड्या, गल्लीतल्या मित्रांशी मस्ती बंद. तिसऱ्या दिवशी कुत्रं पूर्ण बरं झाल्यासारखं वागायला लागतं आणि खरी परीक्षा तिथून सुरू होते.

रोज सकाळी उजेडात दोन गोष्टी बघा. एक, टाक्यांची जागा. वाटाण्याएवढी घट्ट गाठ, कडेला किंचित लाली चालते. वाढत जाणारी सूज, गरम लागणं, वास, पू, टाक्यांत पडलेली फट चालत नाही. नर कुत्र्याची वृषणांची रिकामी पिशवी थोडी सुजते, पण लिंबाएवढी झाली तर फोन करा. दोन, वरचा ओठ उचलून हिरडी बघा. गुलाबी असली तर ठीक. पांढरी फटक दिसली, किंवा जखमेतून थेंब टिपकत राहिले, तर सकाळची वाट बघायची नाही, निघायचं. दुसऱ्या दिवसानंतरही खात नसेल, उलट्या होत असतील, लघवी होत नसेल, तरी तेच.

नराबद्दल एक राहिलं. ऑपरेशन झालं म्हणून लगेच मोकळा सोडू नका. आधीचं वीर्य शिल्लक असतं, महिना-दीड महिना तो माद्यांपासून लांबच हवा.

गल्लीतल्या कुत्र्यांचं

त्यांची वाट वेगळी. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणं रस्त्यावरच्या कुत्र्यांना पकडून, नसबंदी आणि रेबीजची लस करून, आणलं त्याच जागी सोडायची जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थेची. म्हणजे सांगली-मिरज-कुपवाडला महापालिकेची, साताऱ्यात नगरपालिकेची. कानाला खाच दिसली की समजायचं, याचं झालंय, याला पुन्हा पकडायला सांगू नका. तुम्ही रोज चपाती घालता त्या कुत्र्यांची संख्या, नर-माद्या आणि त्यांच्या बसण्याच्या जागा लिहून अर्जासोबत दिल्यात तर काम लवकर हलतं. नुसतं "कुत्र्यांचा बंदोबस्त करा" या अर्जाचं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे.

पायरी ७: टाके, काटा, तारीख

टाके दहा ते चौदा दिवसांनी काढतात. आतले विरघळणारे असले तरी एकदा दाखवून यायचं. त्याच दिवशी वजन करून कागदावर लिहून घ्या आणि खाणं कमी करायला सुरुवात करा, फुगल्यावर नाही. रेबीजच्या पुढच्या लसीची तारीखही त्याच कागदावर. मग दर महिन्याला एकदा काट्यावर उभं करायचं.

चिंगीचं वजन पहिल्या महिन्यात जागच्या जागी होतं. दुसऱ्या महिन्यात दीड किलो वाढलं. मी ताटलीतली भाकरी आणखी कमी केली, तरी वाढतच होतं. मग बेंदराच्या दिवशी दुपारी मागच्या दारातून पाहिलं, तर आजी पायरीवर बसलेल्या, मांडीवर ताटली, चिंगीचं तोंड ताटलीत, आणि पुरणपोळीचा दुसरा तुकडा मोडताना आजी तिला सांगत होत्या, "खा. बैलाचा सण हाय." पुढच्या खेपेला डॉक्टरांनी काट्याकडं बघून विचारलं, "घरात कोण चारतंय हिला?" मी आजींचं नाव सांगितलं नाही.